‘आलो’ या क्रियापदाचा काळ

सयाजी तोडकर यांच्या घरी दुपारी दोन वाजता पाणबुडी बुडत असे.

आठवड्यातून तीनदा तरी बुडे. कधी तिला शत्रूचा टॉर्पेडो लागे, कधी आतल्याच कुणाच्या फितुरीने तिच्या पोटात पाणी शिरे, कधी ती समुद्रतळाच्या खडकावर जाऊन बसे आणि आतल्या माणसांचे श्वास मोजणे सुरू होई. दूरचित्रवाणीच्या एका हिंदी वाहिनीवर हे परदेशी चित्रपट दुपारच्या निरुपयोगी वेळी दाखवले जात. संवाद ओठांच्या आधी तरी येत, नाही तर मागून. कसबा बावड्यात ऊस मागे सरला आणि घरे पुढे आली, त्या नव्या वसाहतीत सयाजीरावांची दोन खोल्यांची वास्तू आहे. तिच्या पुढच्या खोलीत चटईवर चार-पाच निवृत्त कारखाना कामगार बसत आणि सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्रापासून इतक्या लांब, तो जलप्रलय पाहत. त्यांच्यातल्या बहुतेकांनी समुद्र एकदाच, तोही गणपतीपुळ्याला, पाहिलेला होता.

मी त्याच गल्लीत राहतो. आयुष्य संस्कृत शिकवण्यात गेले, म्हणून सगळे मला गुरुजी म्हणतात. प्रथम गेलो तो वर्तमानपत्र परत करायला. सयाजीरावांच्या पत्नी अंबूबाई यांनी चहा पुढे ठेवला आणि उठता आले नाही. पुढे तीन वर्षे जात राहिलो.

या चित्रपटांचे दारिद्र्य लपत नाही. पाणबुडीच्या भिंती प्लायवुडच्या, त्यांवर चंदेरी रंग. समुद्राचे दृश्य एकच. तोच टॉर्पेडो त्याच बुडबुड्यांतून प्रत्येक चित्रपटात सुटतो, शत्रू मात्र प्रत्येक वेळी निराळा. फुटलेल्या नळीतून येणारे पाणी पडद्याआड कुणीतरी बादलीने फेकत असावे, कारण ते थांबून थांबून येते. आमच्या मंडळींना हे सारे ठाऊक होते. नव्हे, त्याचाच त्यांना आनंद होता.

“सयाजी, ही कालचीच बोट हाय बघ,” आबा म्हणत. आबा म्हणजे बॉयलरवर तीस वर्षे उभे राहिलेले, आता एका कानाने ऐकणारे वृद्ध. “नाव तेवढं बदललंय. त्या दारापाशी रंग उडालाय, कालबी तितंच उडालता.”

“आन् दाबाचा काटा बघा आबा, काटा,” दुसरा कुणी म्हणे. “आख्खा समुद्र डोस्क्यावर बसलाय आन् काटा हलंना.”

“रजेवर असंल!”

मग सगळे हसत. पण कप्तानाने आवाज बंद करण्याची खूण केली, पडद्यावरची माणसे श्वास रोखून वर पाहू लागली की चटईवरची माणसेही गप्प होत. आबांचा चहाचा कप ओठांशी थांबे. बशीचा आवाज झाला तर शत्रूच्या जहाजाला कळेल, अशी ती शांतता.

एकदा मी आबांना विचारले, की एवढे खोटे कळत असताना यात जीव का गुंततो.

“गुरुजी, दुसऱ्या पिच्चरमदी माणसं काम कुठं करत्यात?” ते म्हणाले. “गाणी म्हणत्यात, न्हाईतर मारामारी. हितं बघा. व्हॉल फिरवत्यात, घाम पुसत्यात, वरचा सायेब वरडतोय, पाळी संपंना. आमचंच हाय की ह्ये.”

त्या उत्तराने माझा एक गर्व उतरला. चार हातांची अरुंद वाट, माथ्यावर नळ्यांचे जाळे, दाबाच्या तबकड्या, तांबडा दिवा, आणि एका माणसाच्या हातावर बाकीच्यांचे प्राण. हे विश्व प्लायवुडचे असले तरी त्यातला धर्म खरा होता. ज्यांनी गळित हंगामाचे पाच-पाच महिने असल्याच लोखंडी उदरात काढले, त्यांच्या श्रमाला नायकपण देणारी कथा बाकी कुणी रचलीच नव्हती.

सयाजीराव मात्र कमी बोलत. अंगाने दणकट, मनगटे जाड, उजव्या हाताचा अंगठा किंचित वाकडा. ते हसण्यात सामील होत, पण या चित्रपटांत एक प्रसंग हटकून येतो, तो आला की त्यांचा चेहरा विझे. एका दालनात पाणी शिरते. आत एक खलाशी राहिलेला असतो. दार बंद केले नाही तर सारी बोट जाणार. कप्तान आज्ञा देतो, दार लागते, आणि आतून ठोकण्याचा आवाज येऊ लागतो. त्या वेळी सयाजीरावांचे ओठ हलत. मला वाटे, देवाचे नाव घेत असतील. पुढे जवळ बसलो तेव्हा ऐकू आले. ते आज्ञा पुन्हा उच्चारत होते. “दरवाजा बंद करो.” “दरवाजा बंद, सर.” “दरवाजा बंद हो गया.”

“ऐकलंसा, गुरुजी?” ते एकदा हळूच म्हणाले. “सायेब बोलला, त्येच खालच्यानं परत बोलायचं. आन् काम झालं की झालं म्हणून तिसऱ्यांदा सांगायचं. किती बी हलका पिच्चर असू दे, एवढं चुकत न्हाईत. आमच्यात एकदा बोललं की झालं.”

त्या वाक्यामागे काय आहे ते मला तेव्हा कळले नाही.

सयाजीरावांचा जन्म पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका वाडीतला. आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेऊन ते जिल्ह्याच्या सीमेजवळच्या एका लहान खासगी साखर कारखान्यात लागले. तो कारखाना आता भंगारात गेला आहे. तिथे चौदा वर्षे त्यांचा जोडीदार होता बाळासो मगदूम. उसाचा रस ज्या प्रचंड बंद भांड्यांत आटवतात, त्यांना कामगार ‘बॉडी’ म्हणतात. दोन मजली घरे मावतील एवढी ती उंच असतात आणि आत शेकडो उभ्या नळ्या. हंगाम संपला की माणसाने आत उतरून त्या नळ्या घासायच्या, गळक्या शोधायच्या. आत जायला एकच भोक, जेमतेम खांद्यांएवढे. बाळासो चणीने बारीक, म्हणून तो आत जाई, आणि सयाजीराव झाकणापाशी उभे राहत. चौदा वर्षांत ही वाटणी एकदाही बदलली नाही.

दोन हजार चारच्या मे महिन्यात दुरुस्ती संपली. आता बॉडीत पाणी भरून गळती पाहायची होती. बाळासो सयाजीरावांच्या डोळ्यांदेखत बाहेर आला, पाठोपाठ आतला दिवाही ओढून घेतला. सयाजीरावांनी हत्यारे मोजली. एक पाना कमी होता. “इसरलास न्हवं आत? तुझं डोस्कं कुठं असतंय रं?” असे बोलून ते झाकणाखालचे रबर आणायला भांडारात गेले. परत आले तेव्हा बाळासो तिथे नव्हता. शेजारच्या बॉडीवर घणांचे घाव चालले होते. सयाजीरावांनी रबर बसवता बसवता, मान न वळवता हाक दिली, “बाळासो, आलास न्हवं रं?”

“आलो की!”

आवाज मागच्या जिन्याकडून आला असे त्यांना वाटले. त्यांनी झाकण लावले, आठ नटबोल्ट आवळले, आणि पाणी सोडायला सांगितले.

पाणी चढत असताना बाहेरून हातोड्या मारीत फिरायचे, नादावरून सांधा कळतो, अशी त्या कामाची रीत आहे. पाच माणसे हातोड्या मारीत होती. आतून सहावा कुणी पाना मारीत होता, हे त्या नादात कुणाला वेगळे कळले नाही. भांडे भरत आल्यावर एक नाद थांबला, तोही कुणाच्या ध्यानात आला नाही. अर्ध्या तासाने कुणीतरी विचारले, “बाळासो कुठं गेला?” पाणी उपसायला त्याहून अधिक वेळ लागला. तो पान्यासाठी परत आत उतरला होता.

जुन्या वैयाकरणांनी भाषेची एक सवलत नोंदवून ठेवली आहे. जे अजून घडायचे आहे, पण घडेल अशी मनाला आशा आहे, त्याला झालेल्याचे रूप देता येते. आपली मराठी ही सवलत दिवसातून दहा वेळा घेते. उंबऱ्याच्या आत बसलेला माणूस हाकेला ‘आलो’ म्हणतो, पायात चपला नसताना ‘हा निघालो’ म्हणतो. ऐकणाराही ते समजून घेतो. त्या दिवशी एकाने ‘आलो’ हे आशेने म्हटले आणि दुसऱ्याने ते घडलेले म्हणून ऐकले. या दोन काळांमध्ये आठ नटबोल्ट आवळले गेले.

चौकशी झाली. कारकुनाने सयाजीरावांना विचारले, हाक मारली होती का. ते म्हणाले, मारली होती. मग उत्तर काय आले? ते म्हणाले, “आलो की, म्हणाला.”

कारकून लेखणी थांबवून म्हणाला, “आलो म्हणाला म्हणजे तो बाहेर आला होता. मग आत कसा सापडला? असं लिहिता येत नाही. ओ दिली की नाही दिली, एवढं सांगा.”

सयाजीराव गप्प राहिले. लहान मुलगी घरी होती, नोकरी होती, समोर फौजदार उभा होता. कारकुनाने वाट पाहिली आणि लिहिले : ‘सदर इसमाने हाकेस प्रतिसाद दिला नाही.’ सयाजीरावांनी त्याखाली सही केली. वाकड्या अंगठ्याच्या हातानेच केली.

अठरा वर्षे हे त्यांनी अंबूबाईंनाही सांगितले नव्हते.

त्या एका ओळीतून पुढे जे उगवले ते फार कडू होते. शुद्धीत असलेला माणूस हाकेला ओ देईल, त्याने दिली नाही, म्हणजे तो शुद्धीत नव्हता, असा तर्क कारखान्याच्या फाटकापाशी झाला आणि गावात पोहोचेपर्यंत बाळासो दारू पिऊन आत झोपला होता असे ठरून गेले. ज्याने जन्मात दारू सोडाच, विडीही ओढली नाही, त्याचा मुलगा राजवर्धन शाळेत बेवड्याचा पोरगा म्हणून वाढला. बाळासोची पत्नी झुंबरबाई हिने भावकीशी भांडण केले, गाव सोडले, आणि चार घरची धुणीभांडी करीत बावड्यात आली. आपल्या घरासमोरची ही जागा तिला सयाजीरावांनीच पाहून दिली होती. घराचे छप्पर, मुलाचा आयटीआयचा अर्ज, आजारपण, सगळ्याला ते धावून जात. ती त्यांना भाऊजी म्हणे. गल्लीत ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत असे : “माझा मालक पीत न्हवता. पर मग ओ का दिली न्हाई, ह्ये मला बी कळत न्हाई.”

एवढेच तिला हवे होते. अठरा वर्षे तिला पुरून उरलेला तो एक प्रश्न होता, आणि उत्तर समोरच्या घरात चटईवर बसलेले होते.

दोन हजार बावीसच्या श्रावणात एका दुपारी ती ताकाचा तांब्या घेऊन आली. पडद्यावर नेमका तो प्रसंग चालू होता. दार लागले होते, आत पाणी चढत होते, आणि खलाशी लोखंडावर मूठ आपटीत होता. झुंबरबाईला या चित्रपटांचा कधी सोस नव्हता. ती दाराशीच उभी राहिली.

“कोण ठोकतंय त्ये?”

“आत एकजण ऱ्हायलाय, वैनी,” आबा म्हणाले. “बुडनार आता. दर बारी एक बुडतोच.”

“आन् ह्या भाईरच्यास्नी ऐकू येत न्हाई व्हय?”

कुणीतरी हसले. सयाजीराव हसले नाहीत. “येतंय, वैनी,” ते म्हणाले. आवाज असा आला की आबांनी त्यांच्याकडे वळून पाहिले. “ऐकू येतंय. मलाबी आलतं, वळखलं न्हाई.”

अंबूबाईंनी पुढे होऊन दूरचित्रवाणी बंद केली. मग सयाजीरावांनी सगळे सांगितले. जमिनीकडे पाहत, न थांबता, एखादी आज्ञा परत उच्चारावी तसे. पाना, रबर, हाक, कारकून, सही. मला वाटले होते, ती आक्रोश करील. तिने तांब्या खाली ठेवला आणि एकच विचारले.

“काय म्हणाला? त्याचाच शबूद सांगा.”

“आलो की.”

झुंबरबाई खुदकन हसली. ते हसू मी विसरू शकत नाही.

“जेवायला हाक मारली की असंच म्हणायचा. आलो की! आन् तासभर हालायचा न्हाई. भाकरी गार हुयाची. चौदा वर्सं संगं काम केलंसा भाऊजी, तुमास्नी ठावं न्हवतं? त्याचं आलो म्हंजी अजून पाय बी उचलला न्हाई!”

“ठावं हुतं,” सयाजीराव म्हणाले.

ताकाचा तांब्या तिने परत उचलला. उंबऱ्यावर थांबून, पाठमोरीच म्हणाली, “माझ्या पोराला सांगा. आन् कागदावर सांगा. त्यो कागद खोटा हुता, ह्यो खरा द्या. मग माझ्या दारात पाऊल टाकू नका.”

दुसऱ्या दिवशी सयाजीराव माझ्याकडे आले. मी लिहून दिले. सवयीने एका ठिकाणी मी लिहिले, ‘त्यावर मयताने येत असल्याचे सांगितले.’ वाचून दाखवताच त्यांनी हात उंचावला.

“तसं न्हाई, गुरुजी. त्या कारकुनानंबी तसंच शुद्ध केलतं.”

मी ओळ खोडली आणि ‘आलो की’ लिहिले. व्याकरणाची आयुष्यभर सेवा केलेल्या हाताला त्या दिवशी प्रथमच कळले, की वाक्य शुद्ध करणे म्हणजे काय काय पुसून टाकणे असू शकते.

राजवर्धनचे लोखंडी दारे-खिडक्या बनवण्याचे दुकान रस्त्याच्या वळणावर आहे. कागद मी वाचून दाखवावा, आपल्याला ते जमणार नाही, असे सयाजीराव म्हणाले, म्हणून मी बरोबर गेलो. उन्हे उतरली होती. आत कटर चालू होता, ठिणग्या दारापर्यंत येत होत्या. सयाजीरावांनी दाराच्या चौकटीवर हात ठेवला.

“राजवर्धन, भाईर ये रं जरा.”

“आलो की, काका!”

तोच सूर असावा. सयाजीरावांची बोटे चौकटीवर पांढरी पडली. कटर चालूच राहिला. ते हलले नाहीत, पुन्हा हाकही मारली नाही. सत्तावीस वर्षांचा तो तरुण गॉगल कपाळावर सरकवून बाहेर येईपर्यंत ते त्या अंधाऱ्या दाराकडे टक लावून उभे होते.

कागद मला वाचावा लागला नाही. राजवर्धनने तो हातातून घेतला आणि स्वतः वाचला. दोनदा वाचला. वसाहतीतल्या मुलांनी काढलेल्या किती भांडणांचे, किती मोडलेल्या सोयरिकींचे मूळ त्या आठ ओळींत होते, ते त्याच्या चेहऱ्यावरून सरकताना दिसत होते.

“माझ्या आयटीआयचा फारम तुमीच भरलासा,” तो म्हणाला.

“व्हय.”

“बाच्या नावाम्होरं मयत लिवताना तुमचाच हात हुता.”

राजवर्धनने ‘आलो की’ या शब्दांवर बोट ठेवले.

“आवाज कसा हुता त्याचा? भ्यालता काय?”

“न्हाई रं. भ्यायला अजून काय झालंच न्हवतं. न्हेमीसारखा हुता. मी बोललो हुतो म्हणून जरा घाईत.”

“आन् ठोकल्यालं?”

सयाजीरावांची नजर दुकानातल्या लोखंडाकडे गेली. राजवर्धनने कागदाची नीट चौघडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली. “जावा आता,” एवढे म्हणून तो आत गेला आणि त्याने शटर आतून अर्धे खाली ओढले. कटर पुन्हा सुरू झाला नाही. आत काहीतरी लोखंडी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला, मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा आला.

“चला,” मी म्हणालो.

“थांबा, गुरुजी. त्यो आत हाय.”

आम्ही तिथेच दाराशी उभे राहिलो, सयाजीरावांचा हात चौकटीवर तसाच होता. ट्रॉल्या गेल्या, शाळेची मुले गेली. शेजारच्या चहावाल्याने “बसा की पावणं” म्हणून बाकडे दाखवले, सयाजीराव बसले नाहीत. दिवे लागायच्या सुमारास शटर वर गेले. राजवर्धन बाहेर आला, कुलूप घातले, किल्ली खिशात टाकली, आणि आमच्याकडे न पाहता आमच्या समोरून घराच्या दिशेने निघून गेला. त्याची पाठ वळणाआड जाईपर्यंत सयाजीराव पाहत राहिले.

“भाईर आला,” ते म्हणाले. मला उद्देशून नव्हते. पडद्यावरचा खलाशी काम झाल्यावर तिसऱ्यांदा सांगतो तसे, स्पष्ट, एकेक अक्षर सुटे करून. मग त्यांनी चौकटीवरचा हात काढला.